‘द नर्स’ : खुनी कोण हे आधीच माहीत असूनही झोप उडवणारी डॅनिश मालिका (स्पॉयलर आहेत)

कोकणकडा

मागच्या महिन्यात आईला ॲडमिट केलं होतं. आयसीयूबाहेरच्या त्या भोकाभोकांच्या लोखंडी खुर्च्यांवर तीन रात्री काढल्या. अशा वेळी शहाण्या माणसाने मोबाईलवर काहीही बघावं, पण खुनी नर्सवरची मालिका बघू नये. मी नेमकी तीच बघितली. दर पंधरा मिनिटांनी आतलं दार उघडायचं, सिस्टर बाहेर येऊन कुणाच्या तरी नातेवाइकाला हाक मारायची आणि मी चोरासारखा मोबाईल मांडीवर उपडा ठेवायचो. (आई आता घरी आहे, ठणठणीत आहे, पथ्य पाळत नाही.)

मालिका आहे ‘द नर्स’. नेटफ्लिक्सवर एप्रिल २०२३ मध्ये आली. मूळ डॅनिश, चारच भाग, दिग्दर्शक कास्पर बारफोड. क्रिस्टियान कॉर्फिक्सन या पत्रकाराच्या पुस्तकावर बेतलेली आहे आणि पुस्तक खऱ्या घटनेवर. डेन्मार्कच्या दक्षिणेला फाल्स्टर नावाचं बेट आहे, तिथल्या न्यूकोबिंग गावातलं हॉस्पिटल. पेर्निले ही नुकतीच पास झालेली नर्स तिथे लागते. वॉर्डात क्रिस्टिना नावाची सीनियर आहे. हुशार, बोलकी, हाताला यश असलेली, डॉक्टरसुद्धा जिचं ऐकतात अशी. ती पेर्निलेला आपल्या पंखाखाली घेते. दोघींची गट्टी जमते. आणि मग हळूहळू पेर्निलेच्या लक्षात येतं की क्रिस्टिनाच्या रात्रपाळीला जरा जास्तच पेशंट अचानक कोसळतात. पेशंट कोसळला की सगळ्यांच्या चेहऱ्यावर ताण येतो, हिच्या चेहऱ्यावर मात्र तेज.

खुनी कोण हे रहस्य मालिकेत नाहीच. रहस्य आहे ते पेर्निलेच्या डोक्यात काय चाललंय त्याचं. मला दिसतंय ते खरंच दिसतंय, की मी वेडी होत चालले आहे? आपली मैत्रीण, जिने आपल्याला काम शिकवलं, तिच्याबद्दल असं मनात तरी कसं आलं? कुणाला सांगू? काय सांगू? ‘तिच्या पाळीत माणसं मरतात’ हे वाक्य तोंडातून एकदा बाहेर पडलं की परत घेता येत नाही.

शेवटी २८ फेब्रुवारी ते १ मार्च २०१५ या रात्री खऱ्या पेर्निलेने पोलिसांना फोन केला. क्रिस्टिनाला अटक झाली. ज्यांच्यासाठी कुणी लिहून दिलेली नव्हती अशा पेशंटना मॉर्फिन आणि डायझेपाम (गुंगीचं औषध) टोचल्याचा आरोप होता. जून २०१६ मध्ये खालच्या कोर्टाने तीन खून आणि एका खुनाचा प्रयत्न यासाठी जन्मठेप दिली. मे २०१७ मध्ये वरच्या कोर्टाने ती बदलली. चारही प्रकरणांत फक्त ‘प्रयत्न’ धरला आणि शिक्षा १२ वर्षांवर आणली. क्रिस्टिनाने गुन्हा कधीच कबूल केला नाही.

योसेफिन पार्कने क्रिस्टिना जी केली आहे ती बघाच. कुठेही डोळे वटारणं नाही, पार्श्वसंगीताचा ढणढणाट नाही. बाई हसते आणि आपल्यालाही ती आवडते, हीच भीती. तिसरा भाग थोडा ताणलाय असं माझं मत. कुणी पाहिली आहे का?

बटाटेवडा

एडी रेडमेनचा तो हाच ना? इन्शुलिनवाला?

कोकणकडा

नाही हो, तो ‘द गुड नर्स’. सिनेमा, २०२२ चा. नावांमुळे सगळ्यांचाच गोंधळ होतो, माझ्या मेहुण्याने दोन तास तो बघितला आणि मला फोन करून विचारलं की यात डेन्मार्क कुठे आहे. तो अमेरिकेतल्या चार्ल्स कलेनवर आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात १६ वर्षं, नऊ हॉस्पिटलं. २९ खून नक्की झालेत, त्याने स्वतः ४० च्या आसपास सांगितले, खरा आकडा शेकड्यांत असावा असं तपासाशी संबंधित लोकांना वाटतं.

भोचकभवानी

पाहिली. मला पेर्निलेचाच राग आला. एवढं दिसतंय तर पहिल्याच वेळी बोलायला काय झालं होतं? चार भाग नुसती घुसमट. आणि आपण म्हणायचं वा वा काय सूक्ष्म अभिनय.

मेणवली

यावर आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा काय आठवणार? ‘देवमाणूस’! झी मराठीवर २०२० ला सुरू झाली होती, किरण गायकवाड. आमच्याकडे आजी जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसायची आणि डॉक्टर आला की शिव्या घालायची. ती मालिका आमच्या वाईच्या प्रकरणावरूनच सुचलेली. ऑगस्ट २०१६ ला डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या संतोष पोळला अटक झाली तेव्हा मी गावातच होतो. धोमच्या फार्महाऊसवर जेसीबी लावून खणत होते आणि रस्त्याच्या कडेला अख्खा तालुका उभा. सहा खुनांचा आरोप आहे त्याच्यावर, २००३ ते २०१६ या काळातले. त्यातही एक नर्स होती, ती पुढे माफीची साक्षीदार झाली.

पण एक सांगतो, गावात कुणालाच संशय नव्हता असं जे पेपरात यायचं ते तितकंसं खरं नाही. पारावर लोक बोलायचे. फक्त पारावरचं बोलणं पारावरच राहतं.

बटाटेवडा

देवमाणूस आणि ही मालिका एका पंक्तीला बसवू नका राव. तिकडे सरू आजीच्या म्हणी होत्या.

रातराणी

या धाग्यावर लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. मी स्टाफ नर्स आहे, त्यातली बरीच वर्षं आयसीयूत. मालिका नवऱ्याने लावली होती, मी पहिल्या भागात उठून भांडी घासायला गेले. मग परत येऊन बसले.

भोचकभवानी, तुम्ही विचारलंत पहिल्याच वेळी का बोलली नाही. आमच्याकडे पेशंट जातात हो. मेडिकल वॉर्डात ऐंशीच्या पुढचे, दम्याचे, किडनीचे, हार्टचे. रात्री दोन ते पाच ही वेळ तर वाईटच. एखादीच्या पाळीला लागोपाठ तिघं गेले तर आम्ही काय म्हणतो माहितीये? ‘बिचारीची ड्युटी जड चाललीय.’ कुणीतरी तिला चहा करून देतं. मी स्वतः एका आठवड्यात चार बॉड्या पॅक केल्या आहेत. तेव्हा माझ्यावर कुणी संशय घेतला असता तर?

आता औषधांचं. मॉर्फिन आमच्याकडे कुलपात असतं. नार्कोटिकचं रजिस्टर वेगळं. किती वाजता, कुठल्या पेशंटला, किती मिलिग्रॅम, देणारीची सही, बघणारीची सही. अर्धी अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) वापरली तर उरलेली अर्धी दुसऱ्या सिस्टरच्या डोळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतायची आणि तशी नोंद. रिकाम्या अँप्यूल फेकायच्या नाहीत, त्या मोजून फार्मसीत परत दिल्याशिवाय नव्या मिळत नाहीत. हे झालं नियमाचं. रात्री तीन वाजता दोन सिस्टर आणि अठरा पेशंट असतील, त्यातला एक नळ्या ओढतोय, एक कॉटवरून उतरतोय, तेव्हा ‘बघणारीची सही’ सकाळी हँडओव्हरच्या आधी होते. दोन-तीन एकदम. खोटं कशाला बोलू?

आणि मॉर्फिन तरी कुलपात. इन्शुलिन फ्रीजमध्ये असतं, दुधाच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात म्हटलं तरी चालेल.

कज्जेदलाल

रातराणीताई, उत्तम प्रतिसाद. साक्षीदार असावा तर असा.

शिक्षा कमी झाली याबद्दल बऱ्याच जणांना चीड येते, व्हॉट्सॲपवर तर ‘युरोपातले कायदे म्हणजे पिकनिक’ वगैरे. प्रकरण नीट समजून घ्या. खून ठरायला दोन गोष्टी लागतात. मारण्याच्या हेतूने कृती केली हे एक, आणि त्या कृतीमुळेच माणूस मेला हे दुसरं. पेशंट आधीच म्हातारा, आजारी. त्याला नको ते औषध टोचलं हे सिद्ध झालं. पण तो त्या औषधानेच गेला, की त्याची वेळ तशीही आली होती? बचाव पक्षाला एवढी फट पुरते. वरच्या कोर्टाने म्हटलं, कृती झाली, हेतू होता, पण मृत्यूचं कारण तेच होतं असं निःसंशय म्हणता येत नाही. मग उरतो तो प्रयत्न. आपल्या जुन्या भाषेत ३०२ चं ३०७ झालं. नव्या भारतीय न्याय संहितेत १०३ आणि १०९.

हॉस्पिटलमधला खून सिद्ध करायला सगळ्यात अवघड, कारण मृतदेहाशेजारी मृत्यूची दुसरी कारणं केसपेपरवर आधीच लिहून ठेवलेली असतात. डॉक्टरच्या सहीनिशी.

उत्तरध्रुव

कोपनहेगनहून हजेरी. त्या न्यूकोबिंगला मी दोनदा गेलोय, एकदा मुद्दाम आणि एकदा जर्मनीतल्या रॉस्टॉकची फेरीबोट पकडायला गेडसर बंदराला जाताना. मालिकेत दिसतं तसंच आहे, करडं आकाश आणि सपाट शेतं. एक गंमत, ते साखर कारखान्याचं गाव आहे! ऊस नाही, बीट. शरद ऋतूत गळीत हंगाम लागला की रस्त्यावर बीटांनी भरलेल्या ट्रॉल्या आणि हवेत तो गोडसर कुबट वास. आमचं गाव सांगलीकडचं, मला भरून आलं. बायको म्हणाली, इतक्या लांब येऊन तू मळीचा वास घेतोयस.

इथे या प्रकरणाचा धक्का वेगळ्या कारणाने बसला. इथला माणूस सरकारी हॉस्पिटलवर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त भरवसा ठेवतो. नातेवाईक रात्री पेशंटजवळ थांबतच नाहीत, पद्धतच नाही. आपल्याकडे एक मावशी, एक काका, डबा, चटई, देवाचा अंगारा असं सगळं कॉटखाली असतं. त्याचा वैताग येतो, पण कुणीतरी जागं असतं.

आणि १२ वर्षांबद्दल : इथे जन्मठेपेच्या कैद्यालाही १२ वर्षांनंतर दयेचा अर्ज करता येतो. त्यामुळे वाटतो तेवढा फरक नाही.

राईनकाठ

जर्मनीतल्या नील्स ह्योगेलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तो नर्सच, पुरुष. ओल्डनबुर्ग आणि डेल्मेनहोर्स्ट अशा दोन हॉस्पिटलांत, २००० ते २००५. पेशंटना हृदयाची लय बिघडवणारी औषधं टोचायचा आणि मग स्वतःच धावत जाऊन त्यांना वाचवायचा प्रयत्न करायचा. वाचला तर शाबासकी. सहकारी त्याला गमतीने ‘रेस्क्यू रॅम्बो’ म्हणायचे. २०१९ मध्ये ८५ खुनांसाठी दोषी ठरला.

या सगळ्यात मला अंगावर येतो तो वेगळाच कागद. ओल्डनबुर्गच्या हॉस्पिटलला शंका आली होती. त्यांनी काय केलं? त्याला दुसरीकडे जायला सांगितलं आणि सोबत चांगलं शिफारसपत्र दिलं. ते पत्र घेऊन तो डेल्मेनहोर्स्टला लागला. पुढे दोन्हीकडच्या वरिष्ठांवर खटला चालला आणि २०२२ मध्ये ते सगळे सुटले.

कोकणकडा

कलेनचंही तेच. प्रत्येक ठिकाणी कुजबुज, मग राजीनामा, मग पुढचं हॉस्पिटल. सिनेमात एक तपशील आहे तो खरा आहे : औषधाचं यंत्रचालित कपाट असायचं, कोण काय काढतं याची नोंद आपोआप व्हायची. तो औषध मागायचा, ड्रॉवर उघडला की लगेच मागणी रद्द करायचा. नोंदीत ‘रद्द’. औषध खिशात. सॉमरसेटच्या हॉस्पिटलात विषबाधा केंद्रातल्या लोकांनी २००३ च्या जुलैत फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की हे कुणीतरी मुद्दाम करतंय. तो कामावरून गेला ऑक्टोबरच्या शेवटी. शेवटी त्याला पकडून दिलं ते त्याच्याच मैत्रिणीने, ॲमी लॉफ्रेन, तीही नर्स. छुपा माइक लावून त्याच्यासमोर बसली होती.

म्हणजे बघा, डेन्मार्क असो की न्यू जर्सी, यंत्रणेने कुणालाच पकडलं नाही. शेजारच्या कॉटवर काम करणाऱ्या बाईने पकडलं. मराठीत ‘जागल्या’ हा शब्द आहे ना यासाठी, गावावर रात्री पहारा देणारा. इथे तर शब्दशः रात्रपाळीच.

भोचकभवानी

बरं बाई, घेते पेर्निलेवरचा राग मागे. अर्धा.

लेस्टरकर

आमच्याकडे इंग्लंडात लूसी लेटबी, तीही नर्स. चेस्टरचं हॉस्पिटल, नवजात बाळांचा विभाग, २०१५-१६. ऑगस्ट २०२३ मध्ये सात बाळांच्या खुनासाठी दोषी, एकूण १५ आजन्म कारावास. तिथे तर ज्या वरिष्ठ डॉक्टरांनी शंका घेतली त्यांनाच व्यवस्थापनाने तिला माफीचं पत्र लिहायला लावलं होतं. लिहिलं त्यांनी. हे वाचलं तेव्हा मी बोर्डरूम नावाच्या गोष्टीला मनातल्या मनात एक अस्सल कोल्हापुरी शिवी हासडली.

सरासरी

थांबा थांबा. लेस्टरकर, शिवी परत घेऊ नका, पण लेटबीचं प्रकरण उदाहरण म्हणून इतक्या खात्रीने वापरू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवजात शिशूंच्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने जाहीरपणे म्हटलं की त्यांना या प्रकरणात खुनाचा वैद्यकीय पुरावा दिसत नाही. कोर्टाच्या लेखी ती दोषी आहे, वाद मात्र संपलेला नाही.

आणि या धाग्यावर अजून कुणी लुसिया द बर्कचं नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. हेग, नेदरलँड्स. तीही नर्स. २००३ मध्ये जन्मठेप. कोर्टासमोर एक आकडा ठेवला गेला : इतक्या घटनांच्या वेळी निव्वळ योगायोगाने तीच पाळीवर असण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक. असा आकडा ऐकल्यावर न्यायाधीशच काय, देव पण मान डोलावेल. २०१० मध्ये ती निर्दोष सुटली. खून झालेच नव्हते. मृत्यू नैसर्गिक होते. मधल्या काळात तिला तुरुंगात पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता.

चूक कुठे झाली ते सांगतो. माझ्या वडिलांची ठाम समजूत होती की ते टीव्हीसमोर बसले की सचिन आऊट होतो. अख्खी चाळ त्यांना मॅचच्या दिवशी गच्चीवर पाठवायची. आता वडिलांनी बसून सचिनने शतक मारलं त्या मॅच कुणी मोजल्या? कुणीच नाही. त्या ‘संशयास्पद’ नव्हत्या. हॉस्पिटलातही तेच होतं. आधी एका नर्सवर नजर जाते. मग जुने केसपेपर काढतात. ती पाळीवर असताना गेलेला पेशंट संशयास्पद, ती सुटीवर असताना गेलेला पेशंट म्हणजे बिचाऱ्याचं आयुष्य संपलं. आणि मग तक्ता करतात, आणि तक्त्यात सगळ्या फुल्या तिच्याच रकान्यात.

पेर्निलेने फोन केला त्या रात्री तिच्याजवळ काय होतं? अंदाज आणि पोटातला गोळा. मालिका बघताना आपल्याला दिग्दर्शकाने आधीच सांगून ठेवलेलं असतं, म्हणून तो फोन शूरपणाचा वाटतो. लुसियाबद्दल पहिला फोन करणाऱ्यालाही आपण शूर आहोत असंच वाटलं असेल.

बटाटेवडा

सरासरी, झोप उडवलीत. आधीची मालिकेने उडाली होती ती वेगळी.

मेणवली

मग करायचं काय माणसाने? बोललं तर लुसिया, नाही बोललं तर कलेन.

कज्जेदलाल

फरक आहे. डेन्मार्कच्या केसमध्ये एक पेशंट वाचली आणि शरीरात औषध सापडलं. लुसियाच्या केसमध्ये मुख्यतः योगायोगांची बेरीज होती. आधी औषध शोधा, माणूस नंतर. कोर्टात तरी हाच क्रम असायला हवा.

रातराणी

सरासरींनी लिहिलेलं वाचलं आणि काल दिवसा झोप लागली नाही. त्यामुळे ड्युटीवरून आल्यावर आता सकाळी लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

फार वर्षांपूर्वीचं आहे. हॉस्पिटल कुठलं ते विचारू नका, मी तिथे आता नाही. मेडिकल वॉर्ड होता. एका आठवड्यात तीन रात्री डायबेटिसचे पेशंट पहाटे घामाने थबथबलेले, गार पडलेले, बोलावलं तरी ओ न देणारे. ग्लुकोमीटर लावला की चाळीस, पस्तीस. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज चढवलं की डोळे उघडायचे. एक आजोबा मात्र तीन दिवस धड शुद्धीवर आले नाहीत. तिन्ही रात्री एकच मुलगी पाळीवर. नवीन होती, लातूरकडची, सहा महिने झाले होते लागून. गप्प गप्प असायची, डबा एकटीच खायची. बस. तेवढं पुरलं. ‘ही काहीतरी करते’ अशी कुजबुज सुरू झाली. ती पॅन्ट्रीत आली की बोलणं थांबायचं. इन्चार्ज सिस्टरने तिला इन्शुलिनला हात लावायला बंदी केली, सगळ्यांसमोर.

चौथ्या रात्री ती सुटीवर होती आणि माझ्याच पेशंटची शुगर अडतीस झाली.

इन्शुलिन मी स्वतः दिलं होतं. वीस युनिट. केसपेपर बघितला, वीसच लिहिलेले. हात थरथर कापत होते. मग मी बादलीतून वापरलेली सिरिंज काढली (काढायची नसते, माहीत आहे) आणि दिव्याखाली धरली. लाल टोपण. चाळीसची सिरिंज. फ्रीजमधली बाटली काढून बघितली तर शंभरची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : इन्शुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट, नाहीतर शंभर. सिरिंजही दोन, चाळीसची लाल टोपणाची आणि शंभरची नारिंगी टोपणाची. चाळीसच्या सिरिंजमध्ये शंभरचं इन्शुलिन वीसच्या रेघेपर्यंत भरलं की पेशंटच्या अंगात वीस नाही, पन्नास युनिट जातात. अडीच पट. आमच्याकडे नेहमी चाळीसच्याच बाटल्या यायच्या. त्या आठवड्यात स्टोअरमधून शंभरच्या आल्या, सिरिंजा जुन्याच राहिल्या. लाल आणि नारिंगी, रात्रीच्या ट्यूबलाइटमध्ये सांगा बरं ओळखून. त्या मुलीने लिहिल्याबरहुकूम वीसच भरले होते. आम्ही सगळ्यांनीच तसंच भरलं असतं. तिचं नशीब की त्या आठवड्यात रात्रपाळी तिची लागली.

मॅनेजमेंटने बाटल्या बदलल्या, एक सर्क्युलर काढलं, नोटीस बोर्डावर लावलं. त्या मुलीला कुणी काही म्हटलं नाही. सॉरी पण नाही. दोन महिन्यांनी ती सोडून गेली.

कोकणकडा

ताई, हे वाचून काय लिहावं ते कळत नाही. आईला डिस्चार्जच्या वेळी इन्शुलिन दिलंय. आत्ता उठून फ्रीजमधली बाटली आणि सिरिंज दोन्ही बघून आलो. चाळीस आणि लाल. हुश्श.

उत्तरध्रुव

मीही बघितलं असतं, पण इथे सगळं इन्शुलिन पेनमधूनच घेतात.

सरासरी

रातराणी, चौथी रात्र घडली नसती तर? ती सुटीवर नसती तर? तक्त्यात चारही फुल्या तिच्या रकान्यात पडल्या असत्या. मी हे उदाहरण, तुमची हरकत नसेल तर, वर्गात वापरेन. नाव-गाव काही न सांगता.

लेस्टरकर

शिवी अर्धी परत घेतली. बोर्डरूमला मात्र कायम आहे.

बटाटेवडा

अवांतर : डॅनिश ऑडिओ आणि इंग्रजी सबटायटल्स ठेवूनच बघा. इंग्रजी डबिंगमध्ये पेर्निले बँकेची रिलेशनशिप मॅनेजर वाटते.

भोचकभवानी

रातराणीताई, नावाला जागून एक भोचक प्रश्न विचारते, नाही उत्तर दिलंत तरी चालेल. तुम्ही लिहिलंत ‘कुजबुज सुरू झाली’. सुरू केली कुणी?

बटाटेवडा

भवानीबाई, जाऊ द्या ना.

रातराणी

नको, विचारू द्या. बरोबर पकडलंत.

मी. दुसऱ्या रात्रीनंतर, सकाळी, चेंजिंग रूममध्ये. साडीला पिन लावता लावता इन्चार्जना म्हटलं, ‘मॅडम, त्या नवीन मुलीकडे जरा लक्ष ठेवा, मला काही ठीक वाटत नाही.’ एवढंच वाक्य. मला खरंच ठीक वाटत नव्हतं. आजोबा माझ्या ओळखीतले होते.

ती आता दुसऱ्या एका शहरात इन्चार्ज आहे. जुन्या बॅचच्या ग्रुपवर आहे आमच्या. दर दिवाळीला मला वेगळा मेसेज करते, ताई कशा आहात, तुम्ही मला व्हेन (सलाईनची सुई) लावायला शिकवलीत. मी पणतीचा फोटो पाठवते.

चला, झोपते. आज परत नाईट आहे.